तांबूस ठिपक्याचा डोळा

मी एक जुनी लेन्स आहे. मित्रांनो, तुमच्या घरात कोणी लेन्स वापरत असेल तर तुम्ही म्हणाल, त्यात सांगण्यासारखे ते काय? डोळ्यात घातली की लांबचे स्वच्छ दिसते, झाले! पण माझ्यातून आजवर कोणालाही काही दिसलेले नाही. माझी मधली बाहुली काळ्या रंगाने पूर्ण भरलेली आहे. सुईच्या टोकाएवढाही उजेड तिच्यातून पलीकडे जात नाही. मला स्वतःलाही दिसत नाही. मात्र माझ्याकडे कोण पाहते आहे आणि कसे पाहते आहे, हे मला चटकन कळते. डोळे मिटून उन्हात बसले तरी ऊन कुठून येते ते समजते ना, तसेच ते.

माझा जन्म एका चष्म्याच्या दुकानावरच्या खोलीत झाला. तिथे खिडकीशी बसून एक बाई लेन्सवर बुबुळे रंगवीत. ज्याचा डोळा बिघडलेला असेल, त्याला त्या समोर बसवत आणि त्याच्या चांगल्या डोळ्याकडे पाहत पाहत, केसासारख्या बारीक कुंचल्याने एकेक रेघ ओढत. काम फक्त दिवसाच्या उजेडात चाले. ढग आले की त्या कुंचला खाली ठेवत आणि गप्पा मारत.

माझ्यासाठी त्यांच्यासमोर एक मुलगी बसली होती. घरात तिला सगळे धाकटी म्हणत. ती अगदी लहान असताना खेळता खेळता तारेचे टोक तिच्या डाव्या डोळ्यात गेले होते. डोळा वाचला, पण त्यात फूल पडले. बुबुळावर पांढरा पडदा आला आणि त्या डोळ्याला फक्त उजेड आणि अंधार एवढेच कळू लागले. तेव्हापासून ती केस डाव्या बाजूने पुढे ओढून घेई. कुरिअरच्या कचेरीत ती मागच्या खोलीत पार्सले लावायचे काम करी. आता तिला पुढच्या खिडकीवर, लोकांसमोर बसायला सांगितले होते.

लेन्स बसवून घेण्याचे तिच्या आईने सुचवले होते. धाकटीला याचे फार अप्रूप वाटले. कारण अपघातानंतर आईने त्या डोळ्याकडे कधी सरळ पाहिलेच नव्हते. ती बोलायची ते धाकटीच्या कपाळाकडे बघून. डोळ्याचा विषय निघाला की कानाडोळा करायची. धाकटीने हे सगळे रंगवणाऱ्या बाईंना हसत हसत सांगितले, आणि आई शेजारीच बसून हातातल्या पिशवीची उगाच घडी करत राहिली.

माझे काम जवळजवळ झाले. मी धाकटीच्या उजव्या डोळ्यासारखीच साधी, गडद तपकिरी झाले होते. मायलेकी जिना उतरून गेल्या. थोड्या वेळाने आई एकटीच वर आली. छत्री विसरली, असे म्हणाली. छत्री घेतली, पण दारातून वळली.

"एक सांगायचं राहिलं," ती म्हणाली. "तिच्या डाव्या डोळ्यात जन्मापासून एक ठिपका होता. तांबूस. बाहुलीच्या खाली, जरा नाकाच्या बाजूला. तोही रंगवाल का?"

बाईंनी मान डोलावली. आपल्या लेकराच्या डोळ्यातला ठिपका आईइतका कोणाला माहीत असणार? त्यांनी कुंचला तांबूस रंगात बुडवला. आई वाकून सांगत होती, अजून थोडा खाली, हं, आता जरा लांबट. मग ती माझ्याकडे पाहू लागली. मित्रांनो, ती नजर मी विसरलेले नाही. फलाटावर गाडी थांबावी आणि आपले माणूस उतरताना दिसावे, तशी ती नजर होती. रंगवलेल्या एका चकतीकडे असे कोणी पाहत नाही.

मी वाळले, पक्की झाले, औषधी पाण्याच्या डबीत बसले आणि मला डोळ्यात घालायचा दिवस उजाडला.

खालच्या दुकानात एक ताई लेन्स घालायला शिकवत. त्यांनी धाकटीला आधी साबणाने हात धुवायला लावले, नखे पाहिली, आणि मला तिच्या तर्जनीच्या टोकावर ठेवले. लेन्स वाटीसारखी दिसली पाहिजे, कडा बाहेर वळून ताटली झाली तर ती उलटी आहे, एवढे समजावले. मग एका हाताने वरची पापणी मुळाशी धरायची, दुसऱ्या हाताच्या मधल्या बोटाने खालची ओढायची, वर बघायचे आणि लेन्स हलकेच टेकवायची. ऐकायला सोपे होते. पण मी जवळ आले की पापण्या फटकन मिटत. मी गालावर चिकटले, भुवईवर चिकटले, एकदा तर धाकटीच्या बाहीत गेले आणि दोघींनी टेबलाखाली मला शोधले. धाकटी रडकुंडीला आली.

"घाई नको," ताई म्हणाल्या. "डोळा म्हणजे घरातले तापट आजोबा. न सांगता कोणी आलं की दार लावून घेतात. आधी कळवायचं, पाहुणा येतोय म्हणून."

धाकटीला हसू आले. हसताना तिचा हात सैल पडला आणि त्याच क्षणी मी आत टेकले. ते बुबुळ कोमट, ओलसर आणि खडबडीत होते. त्याच्यावर वर्षानुवर्षे कोणाची नजर टिकली नव्हती. मी त्याच्यावर पसरले, धाकटीने सावकाश खाली पाहिले, डोळा मिटला, उघडला. समोरच्या आरशाकडे ती उजव्या डोळ्याने बराच वेळ पाहत राहिली. मग तिने केस कानामागे घेतले.

"हा ठिपका?" तिने विचारले.

ताईंनी सांगितले, वरच्या बाई म्हणत होत्या, तुमच्या आईने आठवणीने रंगवून घेतला, तुमच्या जन्मापासूनचा आहे. माझ्याभोवती एकदम पाणी दाटले. आईला एवढे बारीक आठवत होते, आणि आपण मात्र तिच्यावर रुसून होतो, असे तिला वाटले असणार.

घरी गेल्यावर माझे कोण कौतुक झाले! डोळ्यात लेन्स आहे हे शेजारच्या काकूंना खरेच वाटेना. कुरिअरच्या खिडकीवर लोक पावती घेताना धाकटीच्या तोंडाकडे पाहून बोलत. ती ताठ बसू लागली. फक्त बाबांची नजर विचित्र होती. पहिल्या दिवशी ती माझ्यावर आली आणि चटका बसल्यासारखी उडाली. त्यानंतर ते जेवायला धाकटीच्या उजव्या हाताला बसू लागले. आणि आई, जी वर्षानुवर्षे उजवीकडे बसे, ती डावीकडे आली. माझ्याशेजारी.

माझी निगाही आईच राखू लागली. धाकटी कामावरून आली की मला काढून डबीत ठेवी आणि अंघोळीला जाई. नळाचा आवाज सुरू झाला की आई खोलीत येई, डबीचे झाकण फिरवी, पाणी बदले. एवढे काम तर पटकन व्हायला हवे. पण आई खुर्ची ओढून बसे आणि बोलू लागे.

"तुझा निळा स्वेटर काढला आज," ती म्हणे. "बाहीला कसर लागली होती. उसवून परत विणते."

मग ती थांबे. समोरच्या माणसाला उत्तर द्यायला जेवढा वेळ लागतो, बरोबर तेवढीच थांबे.

"हो, ते पण खरंच," ती म्हणे, आणि पुढे बोलू लागे.

मला तोंड नाही, कान कुठे आहेत ते मलाही ठाऊक नाही. मी पाण्यात पडून असे आणि ते अधलेमधले गप्प क्षण माझ्यावरून जात. तिला त्यांत काय ऐकू येत होते, कोण जाणे. एवढे कळे की ती खूश होऊन उठते. माझी इतकी काळजी जगात कोणी घेतली नसती, आणि तरी झाकण फिरल्याचा आवाज आला की मला त्या डबीत आक्रसून जावेसे वाटे.

हळूहळू घरात बारीकसारीक गोष्टी बदलत गेल्या. धाकटीच्या चहात साखर येईनाशी झाली. तिने विचारले तर आई म्हणाली, तुला कुठे आवडते? निळा स्वेटर धाकटीच्या अंगात आला, तिच्या मापाला जरा मोठाच. एकदा मागून तिचे केस विंचरताना आई म्हणाली, "मान वर कर, चिमणे." धाकटी हसली. आईची जीभ घसरली असे तिला वाटले. चिमणी हे तिच्या थोरल्या बहिणीचे लाडाचे नाव होते. थोरली तापाने गेली तेव्हा धाकटी अजून शाळेच्या पहिल्या वर्गांत होती. बहिणीचा आवाज तिला पुसट आठवे, चेहरा तर फोटोतलाच. आणि आता धाकटीचे वय थोरलीच्या शेवटच्या वयाला येऊन टेकले होते.

मग एके दिवशी मावशी आली, आईची पाठची बहीण. पुष्कळ दिवसांनी आली होती. दार धाकटीने उघडले. मावशी हसत पुढे झाली, आणि तिची नजर माझ्यावर थांबली. इतकी गार नजर मी त्याआधी कधी झेलली नव्हती. तिने धाकटीला जवळ घेतलेच नाही. बाजूने निघून ती थेट स्वयंपाकघरात गेली. धाकटी तिच्यासाठी पाणी घेऊन मागोमाग गेली आणि दारातच थांबली.

"ताई," मावशी दबक्या आवाजात म्हणत होती, "तो ठिपका तुझ्या थोरलीचा आहे."

"मग?" आई शांतपणे म्हणाली. "कुठेतरी असायला नको का तो?"

धाकटीच्या हातातले पाणी हिंदकळले. ती खोलीत गेली आणि तिने मला काढून डबीत टाकले, हातही न धुता.

दुसऱ्या दिवशी सुटी होती. धाकटीने मला घातले नाही. केस पुन्हा पुढे ओढून ती खाटेवर बसून राहिली. दुपारी आई खोलीत आली. ती रागावली नाही, रडलीही नाही. आर्जवाने म्हणाली,

"लाव ना गं. थोडाच वेळ. तिला बघू दे जरा."

धाकटीने विचारले, "कोणाला बघू दे, आई? तुला तिला बघायचंय, की तिने तुला बघायचंय?"

बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेले. मग धाकटी उठली, हात धुऊन आली, आईचेही धुवायला लावले आणि डबी तिच्यापुढे धरली.

"मी नाही घालणार. तूच घाल."

तिने आईला सगळे शिकवले. बोटाच्या टोकावर कशी ठेवायची, वाटी की ताटली कसे ओळखायचे. मी आईच्या बोटावर बसले. धाकटीने केस मागे घेतले आणि तोंड वर केले. आता आईला पापणी धरावी लागणार होती. कपाळाकडे पाहून लेन्स घालता येत नाही, मित्रांनो. डोळ्यातच पाहावे लागते.

आईने पाहिले. माझ्यावरून तिची नजर पहिल्यांदाच उठली आणि पलीकडे गेली, त्या पांढऱ्या बुबुळावर. डोळा घाबरला होता. त्यात पाणी भरले, तो थरथरला, उजव्या डोळ्याबरोबर इकडे तिकडे फिरला. जिवंत होता तो. आईचे बोट खाली येत गेले, मी तिच्या पदरावर पडले आणि ती मला शोधायलाही वाकली नाही.

"दुखतं का गं?" तिने विचारले.

"आता नाही," धाकटी म्हणाली. "तेव्हा फार दुखायचं. तू विचारायची नाहीस."

आईने तिचे डोके छातीशी धरले आणि तिचे नाव घेतले. धाकटीचेच. दारात बाबा केव्हाचे उभे होते. ते आत आले आणि खाली मान घालून म्हणाले, मला पहिल्याच दिवशी कळले होते, पण तुझी आई इतक्या वर्षांनी हसली होती, मला तोंड उघडवेना. धाकटी त्यांना इतकेच म्हणाली, की आता चहात साखर घाला.

धाकटीने पुढे दुसरी लेन्स करून घेतली, साधी, बिनठिपक्याची. तिच्यासोबत आईच गेली होती. कधी धाकटी ती घालते, कधी कंटाळा आला तर तशीच खिडकीवर बसते. मला तिने फेकले नाही. डबीसकट आईच्या हातात ठेवले. ही तुझी आहे, म्हणाली.

पहिले पुष्कळ दिवस आई रोज येई, पाणी बदले, बोले. पण आता बोलता बोलता ती रडे, आणि ते अधलेमधले थांबणे नाहीसे झाले. ती कोणाचेही उत्तर ऐकत नव्हती. गेलेल्या मुलीसाठी आई जशी रडते, तशी रडत होती. मग दोन दिवसांनी येऊ लागली. मग आठवड्याने. आता फळीवर माझ्या डबीवर धूळ बसली आहे. पाणी आटत चालले आहे. माझी कड कडक होऊ लागली आहे, आणि एक दिवस मी वाळलेल्या पाकळीसारखी मोडून जाईन.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी तुम्हाला विनवतात की आम्हाला जपा. मी उलटे मागणे मागते. माझे पाणी कोणी बदलू नका. झाकण फिरवू नका. मला सुकू द्या. आणि त्या वेळात तुमच्या घरात कोणाचा एखादा डोळा, एखादा हात, एखादा पाय असा असेल की ज्याच्याकडे कोणी बघत नाही, तर जवळ जाऊन नीट बघा. दुखतं का, विचारा.

आज बऱ्याच दिवसांनी खोलीत पावले वाजली. आईचीच. ती फळीपाशी थांबली. माझ्यावर नजर पडणार म्हणून मी वाट पाहिली. पण तिने शेजारची कात्री उचलली आणि धाकटीला हाक मारत बाहेर गेली.