मिस्त्रीसमोर न बिघडणारी गाडी

कल्याण मिस्त्रीच्या दारात उभी केली की गोरक्षनाथची मोटारसायकल गरीब गायीसारखी वागायची. पहिल्या किकला चालू. कल्याण आधी टाकीचं झाकण उघडून पेट्रोल बघायचा, मग गाडी पंपापर्यंत पळवून आणायचा आणि वर गोरक्षनाथलाच झापायचा, "हिला काय धाड भरलीय? तुलाच चालवता येत न्हाई."

तीच गाडी नगरच्या वाटेला लागली की रंग दाखवायची. शेवगावशेजारचं त्याचं गाव सोडलं की तिसगावपर्यंत झकास. करंजी घाट आला की आधी खोकायची, मग धापा टाकायची आणि ऐन चढावर मान टाकायची. काटा अर्धी टाकी दाखवतोय, प्लगला ठिणगी पडतेय, तरी गाडी ढिम्म. रस्त्याकडेला बराच वेळ झक मारत बसलं की मग जसं काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा सुरू.

कल्याण आणि गोरक्षनाथ शाळेत एका बाकावर बसलेले. त्यामुळे कल्याणनं काही हातचं राखलं नव्हतं. प्लग बदलला, कार्बोरेटर दोनदा साफ केला, पेट्रोलची नळी बदलली. शेवटी आजार रेड्याला अन् इंजेक्शन पखालीला, अशातली गत झाली. एकदा वैतागून त्यानं विचारलं, "हे कधीपास्नं सुरू झालं, आठव बरं."

"आप्पांना ॲडमिट केल्यापास्नं."

"मग गाडीनं पण धसका घेतलाय आप्पांचा," कल्याण म्हणाला आणि दोघंही हसले. उत्तर समोर येऊन बसलं होतं, पण त्याला चहा विचारायचं कुणाला सुचलं नाही.

गोरक्षनाथचे वडील आप्पासाहेब नगरच्या दवाखान्यात होते. त्यांच्या छातीत पाणी व्हायचं, काढलं की पुन्हा व्हायचं. गोरक्षनाथच्या नगरला खेपा सुरू झाल्या आणि त्याची आई छबूबाई हिच्या जिवाला घोर लागला. नवरा दवाखान्यात, पोरगा रोज रस्त्यावर. तिच्या हातात होतं तेवढं तिनं केलं. गाडीला आधी दसऱ्याच्या दसऱ्याला हळदीकुंकू व्हायचं, ते आता दर खेपेला व्हायला लागलं. एक बोट दिव्याला, एक हँडलला आणि भरघोस एक टाकीच्या झाकणाला, कारण तिच्या हिशेबी ते गाडीचं कपाळ. वाऱ्यानं उडून जाऊ नये म्हणून ती कुंकू तेलात कालवायची. गाडी बंद पडायला लागली तेव्हा तिनं ओळखलं की कुणाची तरी नजर लागलीय. मग दोन बोटं जास्त.

गोरक्षनाथला त्यात काही वावगं वाटलं नाही. खरं सांगायचं तर त्याला बरंच वाटायचं. लेकरू कितीही मोठं झालं तरी आईनं ओवाळून धाडलं की ते जरा ताठ बसतं.

मग ती सकाळ आली. दोन रात्री दवाखान्यात काढून छबूबाई आदल्या दिवशीच घरी आली होती. तिला जरा पाठ टेकू दे म्हणून सगळ्यांनी बळंच पाठवलं होतं. आप्पांजवळ लेक रेश्मा थांबली होती. तिचा फोन आला. "दादा, आईला घिऊन लगेच निघ. आप्पा सारखं तिलाच इचारत्यात. श्वास लागलाय त्यांना."

एसटीला अवकाश होता. गाडी दारात होती. छबूबाईनं तेवढ्या घाईतही करंड्यात बोट बुडवलं, झाकणाला लावलं आणि लुगड्याचा पदर खोचून मागं बसली.

घाटात गाडी बंद पडली.

गोरक्षनाथनं किक मारून मारून पाय सुजवून घेतला. देवाचं नाव घेतलं, मग गाडीच्या आईचा उद्धार केला, मग स्वतःची आई शेजारी उभी आहे हे आठवून गप्प झाला. ट्रक जात होते, मोटारी जात होत्या, थांबत कुणीच नव्हतं. छबूबाईनं कनवटीची पुडी काढली. तेल नव्हतं म्हणून तिनं बाटलीतल्या पाण्यात कुंकू भिजवलं आणि झाकणावर लिंपलं. "चल गं माझी बाय," ती गाडीला म्हणाली, "तेवढं त्यांच्यापात्तुर ने."

बऱ्याच वेळानं कांद्याचा एक टेम्पो थांबला. ड्रायव्हर म्हणाला, "मावशीला द्या बसवून." त्याच घटकेला गोरक्षनाथनं मारलेली किक लागली आणि इंजिन सुरू झालं. त्याला इतका आनंद झाला की त्यानं टेम्पोला हातानंच जा म्हणून खुणावलं. मेहेकरीच्या अलीकडे गाडी पुन्हा बंद पडली, तेव्हा टेम्पो दिसेनासा झाला होता.

ते पोचले तेव्हा रेश्मा वॉर्डच्या बाहेर भिंतीला टेकून उभी होती. तिनं आईकडे बघितलं आणि तोंडावर ओढणी धरली. काही सांगावं लागलं नाही.

तेरावं झाल्यावर गोरक्षनाथ गाडी घेऊन कल्याणकडे गेला. "इकून टाकतो हिला," म्हणाला. डोळे भरून आले होते त्याचे. "पर आधी मला कळू दे, हिला झालंय काय."

कल्याणनं दुकानाचं शटर ओढलं. "आज तू चालव, मी मागं बसतो. बंद पडंस्तोवर जाऊ. मग जिथं पडंल तिथंच बघू."

घाटात, नेहमीच्याच चढावर, गाडीनं मान टाकली. कल्याण उतरला. त्यानं ठिणगी बघितली, ठीक. नळी काढली, तर पेट्रोल थेंब थेंब करत थांबलं. "अर्धी टाकी भरलीय अन् उतरंना कसं?" असं पुटपुटत त्यानं टाकीचं झाकण उघडलं. सूंऽऽ करून हवा आत गेली, आणि मोकळ्या नळीतून पेट्रोलची धार सुटली.

"तिच्यायला!" कल्याण ओरडला. "गोरख्या, घावलं! टाकीला श्वासच न्हाई. पेट्रोल जसं खाली जातं तशी वरनं हवा शिरावी लागती. त्याला झाकणात बारीक भोक असतं. ते बंद असलं की जवळ चालती, लांब गेलं की गळा आवळतो. मी पयल्यांदा झाकण उघडतो ना, म्हून माझ्या दारात कदी बिघडलीच न्हाई!" इतक्या दिवसांनी हात लागलेल्या उत्तरानं तो लहान पोरासारखा हसत होता. खिशातली तार काढून त्यानं भोक कोरलं. भोकातून लाल, चिकट, वाळलेला गोळा बाहेर आला.

कल्याणचं हसू तिथंच विरलं.

गोरक्षनाथनं तो गोळा बोटावर घेतला. थरावर थर बसले होते. एकेक थर एकेका खेपेचा. सगळ्यात वरचा पाण्यात कालवलेला, भुरभुरीत. तो मटकन डांबराच्या कडेला बसला. रडू येत नव्हतं, राग कुणावर काढावा ते कळत नव्हतं. आईनं नवऱ्याकडे जायच्या स्वतःच्याच वाटेवर काटा टाकला होता, आणि तो काटा तिनं देवाचं नाव घेऊन, मायेनं टाकला होता. असलं कुणाला सांगायचं कसं?

"काकूला न्हाई सांगायचं," कल्याण म्हणाला.

"ती इचारंल."

"इचारू दे."

परत येताना गाडी एकदाही खोकली नाही.

छबूबाई ओट्यावर बसली होती. मोकळं कपाळ घेऊन बसायची तिला अजून सवय झाली नव्हती, कुणी आलं की पदर पुढं ओढायची. तिनं सुनेला, अश्विनीला, चहा टाकायला सांगितलं. कप हातात आले तेव्हा तिनं विचारलं, "घावलं का काय हुतं ते?"

गोरक्षनाथनं गाडीकडे बघितलं.

"कॉइल गेल्ती, काकू," कल्याण म्हणाला. "तापली की मरायची. गार झाली की चालू."

"तुझ्याकडं किती डाव आणली हुती गाडी."

"लई डाव."

"मग तुला कळलं कसं न्हाई?"

कल्याण कपाकडे बघत राहिला. "चुकलं माझं, काकू. आधी बघाया पायजे हुतं."

छबूबाईनं पदर पुढं ओढला. मग अगदी हळू म्हणाली, "तू नीट बघितलं असतंस, तर मला त्यांच्या तोंडात पानी घालता आलं असतं रं. ते माझं नाव घेत हुते."

"व्हय, काकू."

"शाळंपास्नं ह्या घरात जेवलास तू."

"व्हय."

तिनं तोंड फिरवलं आणि पोराला म्हणाली, "गोरख, ह्याच्याकडं गाडी न्यायची न्हाई परत. अन् ह्याला म्हनावं, ह्या दारात येऊ नगंस."

कल्याणनं अर्धा कप खाली ठेवला. उठताना त्यानं एकदाच गोरक्षनाथकडे बघितलं आणि मान हलवली, नको म्हणून.

"ऐकलंस का?" छबूबाईनं विचारलं.

"ऐकलं, आई," गोरक्षनाथ म्हणाला. "न्हाई येणार तो."