सेनापतीची बाजू

दोऱ्याचं एक टोक दातांत, दुसरं तर्जनीभोवती, आणि मध्ये तो ओला हिरवा त्रिकोण. बांबूच्या पानात घट्ट बांधलेला चिकट तांदूळ, आत खारवलेल्या मांसाचा तुकडा. दोरा आवळताना कोपऱ्यातून तांदळाचा एक दाणा बाहेर डोकावला आणि सूफेन त्या दाण्याकडे बघत राहिली. हा कोपरा तिचा कधी सुटत नसे. शाळेत सणाच्या आदल्या दिवशी ती मुलांना पान दुमडायला शिकवायची – आधी द्रोण करा, मग भरा, मग झाका, आणि घाई करू नका, पानाला घाई कळते – आणि सात वर्षांच्या बोटांनीही नीट त्रिकोण व्हायचे. आज तिच्याच बोटांना झालं होतं काय... तिनं दाणा अंगठ्यानं आत ढकलला, दोरा सोडला नाही. दोरा दातांत असला की बोलावं लागत नाही, एवढं तरी बरं होतं.

बोलायला शेजारच्या रुआन काकू समर्थ होत्याच.

“आता बघ हं, आता उठते ती. उठली! काय बाई आहे की दगड!”

टॅबलेट व्हिनेगरच्या बाटलीला टेकवून ठेवला होता. मालिकेचा शेवटचा भाग काल आला होता आणि आज तो पुन्हा बघणं चाललं होतं. चित्रावरून उजवीकडून डावीकडे प्रेक्षकांच्या शेऱ्यांच्या ओळी धावत होत्या. कुणी सेनापतीला देवमाणूस म्हणत होतं, कुणी खोटारडा, कुणी नायिकेच्या नावानं बोटं मोडत होतं. त्या ओळी बंद करता येतात हे सूफेनला माहीत होतं. पण सणासाठी हांगचौहून आलेल्या तिच्या लेकीला, वानछिंगला, त्यांच्याशिवाय मालिका अळणी वाटायची. सूफेनला मात्र हात वर न करता एकदम ओरडणारा वर्ग आठवायचा, आणि तो वर्ग गप्प करावा असं मनात येता येता ती प्रत्येक ओळ वाचायची.

गोष्ट साधी होती. किल्ला पडणार हे कळल्यावर सेनापती बायकोला माहेरी धाडतो – ‘तू मला नकोशी झालीस’ असं चारचौघांत सांगून, म्हणजे ती मागे वळणार नाही. ती तीन वर्षं त्याचा द्वेष करत जगते. मग खरं कळतं. तो जिवंत असतो, डोळे गेलेले. ती शोधत येते, त्याचे केस धुते, विंचरते, म्हणते, ‘माझी तीन वर्षं तुम्ही मला न विचारता खर्च केलीत,’ आणि होडीत बसून निघून जाते. बस. एवढ्यावरून अख्खा देश दोन बाजूंना उभा राहिला होता. रुआन काकूंच्या भाचीचं तर होणाऱ्या नवऱ्याशी भांडण होऊन लग्नाचे फोटो पुढे ढकलले होते.

“अगं, केस धुतलेस ना? मग राहा की!” रुआन काकू टॅबलेटला म्हणाल्या. “आपल्या ऑपेरात असं कधी बघितलंय? शेवटी दोघं लाल कपड्यांत उभी राहतात, पडदा पडतो, आपण डोळे पुसून घरी येतो आणि भात टाकतो. हे काय, होडी दाखवतात!”

“काकू, तुम्ही काल किती वेळा रडलात ते सांगा आधी,” वानछिंग म्हणाली.

“तीनदा. चौथ्यांदा कांदा होता.” काकूंनी पान झटकलं. “आणि फसवलं फसवलं काय करते ती? माझ्या नवऱ्यानं मला आयुष्यात एकदा असं फसवलं असतं तर मी देवळात उदबत्त्या लावल्या असत्या. त्या मेल्याला खोटंसुद्धा धड बोलता येत नाही. पत्ते खेळून येतो आणि सांगतो, मासे बघत होतो.”

वानछिंग हसली. मग हसू थांबवून म्हणाली, “मलाही नाही पटली ती. खरं सांगितलं असतं तर ती गेली असती का? मेली असती तिथंच. तो खोटं बोलला म्हणून ती जगली. चिडावं, भांडावं... पण सोडून जाण्यासारखं त्यानं काय केलं?”

“त्याला हक्क काय होता?”

हे कोण बोललं? दोरा सूफेनच्या दातांतून सुटला होता. आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचवायचा, तेवढा मोठा. पानाचा त्रिकोण उलगडून तांदूळ परातीत पसरला.

“घ्या!” रुआन काकूंचे हात थांबले. “सूफेन बाई, तुम्ही? मला वाटलं, कुणी नाही तरी तुम्ही सेनापतीच्या बाजूच्या असणार. अहो, या गल्लीत तुमच्यासारखं काळजावर दगड ठेवून...” आणि त्या थांबल्या. वानछिंगकडे बघितलं, मग चुलीकडे. “पाणी उकळलं वाटतं,” असं म्हणाल्या.

चूल पेटवलेलीच नव्हती.

सूफेननं नवीन पान घेतलं. द्रोण केला. गल्लीला सगळं माहीत होतं. गल्लीनंच तर केलं होतं ते. त्या वर्षी तिच्या नवऱ्याच्या, बोलिनच्या, यकृतात कर्करोग निघाला – नेकटायच्या कारखान्यात रंगाच्या हौदांवर काम करणारा बोलिन, ज्याची नखं लग्नातसुद्धा निळी होती – आणि वानछिंग कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेसाठी वसतिगृहात राहून शिकत होती. परीक्षा होईपर्यंत तिला कळता कामा नये, हे ठरवावंही लागलं नाही. दुसरं काही असू शकतं असं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. बोलिन स्वतःच म्हणाला, नको. वर्गशिक्षक म्हणाले, तुम्ही स्वतः शिक्षिका, तुम्हाला मी काय सांगणार? आणि परीक्षेला आठवडा असताना तो गेला तेव्हा अंत्ययात्रेला रिवाजाची सनई वाजली नाही, फटाके उडाले नाहीत, दारावरची सुतकाची पांढरी पट्टी रुआन काकूंनी स्वतः काढून चुलीत घातली, कारण वानछिंगच्याच शाळेतला, गल्लीतला कुणाचा तरी मुलगा कपडे न्यायला घरी आला होता. शेवटचा पेपर झाल्यावर वानछिंग फाटकातून हसत बाहेर आली. सूफेन फुलाफुलांचा सदरा घालून उभी होती. घरी येईपर्यंत सूफेन गणिताच्या पेपराबद्दल विचारत राहिली... कुठून आणला होता तिनं तो आवाज?

त्यानंतर लेक वर्षभर तिच्याशी जेवणाखाण्यापलीकडे बोलली नाही. मग हळूहळू बोलायला लागली. लग्न, मुलगी, हांगचौचं घर. आणि गेल्या काही वर्षांत दोघींना मालिका सापडल्या. फोनवर मालिकांबद्दल तासभर बोलता येतं. कुणाची बाजू घ्यायची, कुणाला शिव्या द्यायच्या – किती सोपं, आणि त्यात स्वतःचं काहीच सांगावं लागत नाही.

रुआन काकू आपला वाटा परातीत घेऊन, दार पायानं लोटून गेल्या. टॅबलेटवर होडी पुन्हा निघाली होती. वानछिंगनं तो पालथा घातला.

“आई, मी सेनापतीच्या बाजूनं का आहे माहितीये?”

सूफेनला माहीत नव्हतं. माहीत करून घ्यायचंही नव्हतं. चिमटीत तांदूळ घेऊन ती थांबली.

“तुझ्यामुळे. मी तेव्हा फार वाईट वागले तुझ्याशी. पण मालिका बघताना मला सारखं वाटत होतं, ह्या बाईला एक शब्दही मिळाला नाही. मला मिळाला. त्या शेवटच्या रविवारी तू बाबांना दवाखान्यातून घरी आणलंस, फोनवर माझ्याशी बोलू दिलंस. एवढे आजारी असताना ते किती नीट बोलले! तेवढ्यावर मी आजवर...” ती पान उगाचच पुसत राहिली. “तू बरोबर केलंस, आई. मी कधी म्हटलं नव्हतं. आता म्हणते.”

किती वर्षं वाट बघितली होती या वाक्याची! स्वयंपाक करताना, वह्या तपासताना, नातीच्या बारशाला. हे वाक्य कसं येईल, आपण काय म्हणू, डोळ्यांत पाणी येईल का... आणि ते आलं, आणि सूफेनच्या मनात पहिल्यांदा आलं ते एवढंच की हे परत घे. घे हे परत.

कारण त्या रविवारी बोलिन घरी नव्हताच. दोन दिवसांपासून त्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. वानछिंग दर रविवारी संध्याकाळी घरी फोन करायची, आणि मागच्या रविवारी ती म्हणाली होती, पुढच्या वेळी बाबा हवेतच. म्हणून बाजूच्या खाटेवरच्या माणसाच्या बायकोला ‘जरा लक्ष ठेवा’ सांगून सूफेन घरी आली आणि बरोबर धाकट्या दिराला, झोंगलिनला, घेऊन आली. दोघा भावांचा आवाज एक होता. त्यांच्या आईलाही दाराआडून ओळखू यायचा नाही. झोंगलिन बाजारात वाफेचे बन विकायचा. सहावीत नापास झालेला. रिसीव्हर त्यानं दोन्ही हातांनी धरला होता. बोलायचं काय, हे सूफेननं पढवलं होतं – दोन वाक्यं, खोकला, आणि ठेवून द्यायचा.

त्यानं दोन वाक्यं म्हटली. खोकला. आणि ठेवायच्या ऐवजी म्हणाला, “छिंग, जे येतं ते आधी सोडव. उरलेली गणितं कुठं पळून जात नाहीत.” हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. पलीकडून वानछिंग हसली, काहीतरी विचारलं, त्यानं उत्तर दिलं, आणि सूफेननं हातानं पुरे अशी खूण करायला हवी होती. तिनं नाही केली. ती जवळ सरकली. रिसीव्हरला जवळजवळ कान लावून उभी राहिली... तोच आवाज, आजाराच्या आधीचा, घशात किंचित वाळू असलेला. आणखी थोडं. आणखी एक वाक्य. वसतिगृहात फोनच्या रांगेतल्या मुलींनी आरडाओरडा केला तेव्हा फोन संपला. झोंगलिनच्या तिचाकी सायकलवर बसून दोघं दवाखान्यात पोचली तेव्हा खाटेवरची चादर वरपर्यंत ओढलेली होती. आत्ताच, ती बाई म्हणाली. आत्ताच गेले हो, तुम्ही असायला हवं होतं.

खोटा आवाज ऐकत उभी राहिले, आणि खऱ्याचा हात सुटला. हे मी कुणाला सांगू, आणि कशासाठी होतं म्हणून सांगू? लेकीच्या परीक्षेसाठी?

“आजी, हे वजाबाकीचं अडलंय.” नाननान वही घेऊन आली. नऊ वर्षांची, आईसारखीच ओठ चावणारी.

“पुढचं करून टाक तोवर,” सूफेन म्हणाली, आणि बोलता बोलताच तिला कळलं आता काय येणार ते.

“माहितीये! जे येतं ते आधी सोडव, उरलेली गणितं कुठं पळून जात नाहीत. आजोबा म्हणायचे ना आईला?”

दारात पिशवी घेऊन झोंगलिन उभा होता. कधी आला होता कुणास ठाऊक. सणाच्या आदल्या दिवशी तो बन घेऊन यायचा आणि पानातला भात घेऊन जायचा. त्यानं नाननानकडे बघितलं, मग सूफेनकडे, आणि पिशवी उंबऱ्यावरच ठेवली.

“काका, आत या ना! चहा घ्या,” वानछिंग उठली.

त्यानं हात हलवला. “वहिनी, चारच द्या. जास्त नकोत.” इतक्या हळू की सूफेनला ओठांवरून समजलं. दोरे नीट आवळलेसुद्धा नव्हते, तरी त्यानं कच्चेच चार त्रिकोण उचलले आणि निघाला.

“अहो काका, शिजायचेत अजून!” वानछिंग हसत ओरडली. तो वळला नाही. “काय माणूस आहे! फोनवर तर माझ्याशी कधीच बोलत नाहीत, पाहिलंस? मी ‘काका’ म्हटलं की लगेच बायकोच्या हातात फोन देतात.” ती दारापाशीच उभी राहिली. “आवाज किती बाबांसारखा आहे गं त्यांचा. दोन शब्द बोलले असते तरी बरं वाटलं असतं.”

नाननाननं वही खाली ठेवून टॅबलेट सुलटा केला. चित्र थांबलं होतं, पण ओळी धावतच होत्या. ती मोठ्यानं वाचायला लागली – ‘माफ करायला हवं होतं,’ ‘मुळीच नाही,’ ‘त्याच्या जागी राहून बघा,’ ‘तिच्या जागी कोण राहणार?’ – आणि विचारलं, “आजी, ह्यातलं बरोबर कुठलं?”

शाळेत असताना ह्या प्रश्नाला सूफेन कधी अडली नव्हती. आता ती लहानग्या बोटाखालून सरकणाऱ्या ओळी बघत होती. सगळे सेनापतीबद्दल बोलत होते, किंवा त्याच्या बायकोबद्दल. सेनापतीला कुणी माफ केलं नाही म्हणून अर्धा देश रडत होता. पण तो मोठा सुखी होता. त्यानं जे केलं ते सगळंच्या सगळं तिला कळलं होतं, आणि कळूनच ती निघून गेली होती. निदान तिनं त्याला पाहिलं तरी होतं. चुकीच्या गोष्टीसाठी कुणी त्याचे आभार मानले नव्हते.

“आई,” वानछिंग परत येऊन समोर बसली, “पण तू का नाहीस गं त्याच्या बाजूनं? खरं सांग.”

ती चिडून विचारत नव्हती. कुतूहलानं, मालिकेबद्दल विचारावं तसं विचारत होती. अजूनही हसून ‘मला ते दाढीवालं ध्यान आवडत नाही’ म्हणता आलं असतं. ते वाक्य जिभेवर तयारही होतं. सूफेननं ते गिळलं. आणि मग जे झालं ते तिच्या ओळखीचं नव्हतं. इतकी वर्षं तिचं मन असल्या वेळी चटकन कामाला लागायचं, काय झाकायचं, कुठून वळसा घालायचा... ते आता स्वस्थ बसून होतं. भीती होती तिथंच, पण ती दाराशी उभी होती, दार अडवत नव्हती. तांदळाच्या पाण्यानं भिजलेले हात मांडीवर ठेवून ती लेकीच्या तोंडाकडे बघत राहिली आणि पहिला शब्द कुठला असावा हे शोधू लागली – बाबा, की काका, की मी.