पक्ष्यांमधला य

छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून पस्तीस वर्षं मी लोकांच्या चुका काढल्या. त्यामुळे भाचीने तिच्या विद्यापीठाचं देणगीचं पत्र तपासायला दिलं, तेव्हा मी चष्मा पुसून ऐटीत बसलो आणि सहा ठिकाणी अनुस्वार दिले. पत्रात मागण्या दोनच: गरजू विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती आणि पाखरं वाचवण्याच्या संशोधनाला पैसा. त्या गरजूंत पहिली तीच. सोमवारपर्यंत फी भरली नाही तर संशोधन सोडून ती एका दुकानाच्या गल्ल्यावर बसणार होती.

चाळीस पत्रं गेली. उत्तर एकच आलं, बिस्किटांच्या कारखानदाराचं: "येऊन भेटा." उरलेले एकोणचाळीस जण एक नंबरचे कंजूष आहेत, असं मी घरात जाहीर करून टाकलं.

कारखानदाराने आमच्यापुढे बिस्किटांची बशी सरकवली आणि थेट मुद्द्याला हात घातला. "किती उरलेत आता?"

"जेमतेम साठ," भाची म्हणाली.

"एवढेच? पूर्वी जिकडेतिकडे हेच दिसायचे."

"हवा बदलली की दुसरीकडे जातात ना."

"ते मला नका सांगू! बरं, तुम्ही नक्की काय करणार?"

"एकेकाला पकडायचं आणि पायात कडी घालायची. तिच्यावर नंबर असतो. मग कोण कुठे जातो ते कळतं."

माणूस खुर्चीतून उठलाच. "घाला! सगळ्यांना घाला! इतकी वर्षं या पक्षवाल्यांना देणग्या देतोय, पण हे कुणाला सुचलं नाही!" आणि त्याने चेकबुक काढलं.

पक्षवाल्यांना? मी टेबलावरचं पत्र हळूच ओढलं. 'पक्षांच्या रक्षणासाठी.' य गायब! माझ्या नाकाखालून एक य निसटला होता आणि पाखरांचे राजकीय पक्ष झाले होते. एकोणचाळीस जण कंजूष नव्हते, शहाणे होते.

चेकवर आकडा पडला. भाचीचे डोळे चमकले. गप्प बसावं असं मला फार वाटलं, अगदी मनापासून वाटलं. पण जन्माची खोड.

"साहेब, इथे चूक आहे. पक्ष नाही, पक्षी. आम्ही पाखरांबद्दल बोलतोय."

पेन थांबलं. "म्हणजे कड्या पाखरांना?"

"हो," भाची पुटपुटली.

तो इतका हिरमुसला की मलाच वाईट वाटलं. मग त्याने पत्रावर बोट ठेवून एकेक शब्द वाचला. "विद्यार्थ्यांना मात्र य आहे."

"आहे."

"म्हणजे ते तरी खरे?"

"ही त्यातलीच एक," मी भाचीकडे बोट दाखवलं.

त्याने चेक फाडला आणि दुसरा लिहिला, शिष्यवृत्तीपुरता. "पाखरांचं नंतर बघू. आधी ती कडी आणून दाखवा."

जिन्यात भाची रडायला लागली आणि रडता रडता हसायला.

"मामा, तू गप्प बसला असतास तर सगळंच मिळालं असतं."

"हो गं."

"बरं झालं नाही बसलास. मला ते पैसे पचले नसते." तिने माझा हात घट्ट धरला. "पण यापुढे माझं एकही पत्र तू तपासायचं नाहीस."

मला कामावरून इतक्या प्रेमाने कुणीच काढलं नव्हतं.