येऊन गेलेलं पाणी

दामिनीचा स्वप्नांवर विश्वास नव्हता. तिच्या मामांचा, महादेवरावांचा, होता. उमरेडला हातमागावर लुगडी विणण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं. माग बसले तसे ते उन्हाळ्यात नदीच्या कोरड्या पात्रात टरबुजांची डांगरवाडी लावू लागले. वरच्या धरणातून पाणी सुटलं की अशी वाडी वेलांसकट वाहून जाते. पाणी सुटायच्या आधी आपल्याला तसं स्वप्न पडतं, असं मामांचं म्हणणं. दामिनीने एकदा नीट खोदून विचारलं, तेव्हा कळलं की पाण्याचं स्वप्न त्यांना उन्हाळाभर पडतं आणि पाणी मात्र एखाद्या साली सुटतं. भौतिकशास्त्र शिकलेल्या भाचीला एवढं पुरेसं होतं.

म्हणून गेल्या साली तिने मामांसाठी एक व्यवस्था जोडून दिली. शहरातल्या सदर भागात एका ऑफिसात ती हेच काम करायची. एक साधन धरणाच्या सूचनांचं वेबपान थोड्या थोड्या वेळाने वाचून त्यातला मजकूर खरवडून काढायचं. दुसरं त्या मजकुराची बातम्यांसारखी फीड तयार करायचं. तिसरं त्यात नदीचं नाव दिसलं की मामांच्या फोनवर आणि तिच्या फोनवर मेसेज धाडायचं. कोड लिहायचा नव्हता. पडद्यावर चौकटी मांडायच्या आणि एकीतून दुसरीपर्यंत रेघ ओढायची. यंदा तिने त्यात स्थानिक बातम्यांची एक नवी फीडही जोडली, आणि दुसऱ्याच दिवशी, चैत्रातल्या एका सुट्टीच्या सकाळी, शहराच्या कडेला, बेसातल्या घरी चहा घेताना तिचा फोन वाजला.

‘आज दुपारी चारनंतर नदीपात्रात पाणी सोडण्यात येत आहे. पात्रातील साहित्य त्वरित हलवावे.’

व्यवस्थेने पाठवलेली ही पहिली सूचना. दामिनीला काळजी वाटायला हवी होती. वाटला तो आनंद. आपण मांडलेलं भाकीत खरं ठरताना पाहायला मिळणार, या आनंदात तिने गाडी काढली.

उमरेड रोडला शहर मागे पडलं. काचा बंद असूनही मोहाच्या फुलांचा गोड, जडसर वास आत येत राहिला, आणि गाडी जागच्या जागी उभी असून शेतंच कोणीतरी सावकाश मागे ओढून नेत आहे, असं तिला वाटू लागलं. ही सापेक्ष गतीची बाब आहे हे तिला ठाऊक होतं. ठाऊक असल्याने वाटणं काही थांबत नाही.

पात्रात उतरली तेव्हा वाळू इतकी पांढरी होती की डोळे आपोआप मिटत होते. त्या पांढऱ्यावर हिरव्या वेलांच्या लांब ओळी, आणि ओळींमध्ये वाकलेले मामा-मामी. तोडलेल्या टरबुजांचा ढीग लागला होता. आठवडाभर वेलावर राहिली असती तर पिकली असती, अशी टरबुजं.

“आली का मशीनवाली,” वंदनामामी कंबर सरळ करत म्हणाल्या. “मले वाटलं, पाण्यासोबतच येशीन.”

“मामीजी, कच्ची काहून तोडून राहिल्या?”

“पाण्यात पिकत नाहीत म्हणून.”

महादेवरावांनी कपाळ पुसलं. “यंदा मले सपान नाही पडलं, दामिनी. पण म्हटलं, आपल्या सपनापेक्षा पोरीचा मेसेज बरा. शिकलेली हाय.”

हे ऐकायची तिला बरीच वर्षं इच्छा होती. ऐकल्यावर मात्र ते वाळूसारखं कोरडं लागलं. तीही वाकून तोडू लागली. अर्धी वाडी रिकामी होत आली, तेव्हा मांडवाखालच्या खाटेवर मामांचा फोन पुन्हा वाजला. मामींनी तो लांब धरून एकेक शब्द लावत वाचला.

“‘गणेश विसर्जनानिमित्त नदीपात्रात पाणी सोडण्यात येत आहे. भाविकांनी काठावर काळजी घ्यावी.’” मामींनी वर पाहिलं. “चैत्रात गणपती येऊन राहिले का वं? का तेबी तुह्या मशीननंच बोलावले?”

दामिनीने आपला फोन काढला. पडद्यावर तिनेच मांडलेल्या चौकटी आणि रेघा होत्या, आणि त्यांच्याकडे पाहता पाहता तिला आपली चूक दिसली.

मागावरचा ताणा, म्हणजे उभे धागे, संपत आला तरी विणकर त्याची टोकं मागाच्या फणीतून ओढून काढत नाही. नव्या ताण्याचा एकेक धागा जुन्याच्या टोकाला वळून जोडतो, म्हणजे सगळी फणी पुन्हा भरावी लागत नाही. लहानपणी मामांच्या मागाशी बसून दामिनीने अशी असंख्य टोकं वळली होती. नवी फीड जोडताना दुसऱ्या कोणीही जुनी चौकट काढून टाकून सगळं पहिल्यापासून मांडलं असतं. तिने जुनी ठेवली आणि नवीचं टोक तिला वळून दिलं. पण चौकट म्हणजे धागा नव्हे. जुनीच्या पोटात वेबपानावरून आलेल्या, व्यवस्था जोडण्याच्याही आधीच्या सगळ्या सूचना साठलेल्या होत्या. नवी रेघ जुळताच त्या पुन्हा वाहू लागल्या, आणि ज्या दिवशी निघाल्या त्या दिवसाची तारीख कपाळी लावून निघाल्या. सकाळची सूचना दोन उन्हाळ्यांपूर्वीची होती.

तिने हे सगळं सांगितलं. आपल्याला सोयीचं असं एकही वाक्य वापरलं नाही.

“म्हंजे पाणी नाही येऊन राहिलं,” मामा म्हणाले आणि हातातलं टरबूज त्यांनी हलकेच खाली ठेवलं.

निष्कर्ष मोहक होता आणि चुकीचा होता. बातमी जुनी आहे, एवढंच सिद्ध झालं होतं. आज पाणी येणार नाही, हे नव्हे. दामिनीने धरणाच्या कार्यालयात फोन लावला. सुट्टी होती, घंटी वाजत राहिली. वेबपानावर आजची सूचना नव्हती, पण सुट्टीच्या दिवशी ती तिथे येतेच, असंही कोणी म्हणू शकत नव्हतं.

“मंग तुले काय वाटते?”

“मला माहीत नाही, मामाजी.”

दुसऱ्यांच्या भाकितांविषयी हेच शब्द तिने अनेकदा चवीने उच्चारले होते.

“माहीत नाही त नाही,” महादेवराव म्हणाले. “पण हात चालू ठेवू का थांबवू, थे सांग. उरलेली वाडी तुह्या हवाली.”

तिने उरलेल्या ओळींकडे पाहिलं. कोणत्याही एका दिवशी पाणी सुटण्याची शक्यता थोडी. तोडलेलं टरबूज न पिकण्याची शक्यता पूर्ण. हिशेब सरळ होता, आणि तरी तो उच्चारताना तिचा आवाज लहान झाला. “थांबवा.”

हे सांगून काठावर जाऊन बसणं तिला जमेना. ती तिथेच, दोन ओळींच्या मधोमध, वाळूत बसली. मामा शेजारी बसले. मामी म्हणाल्या, “दोघंबी वाहून गेले त मी टरबुजं आवरू, का तुमाले?” आणि त्याही बसल्या.

दुपार हळूहळू घट्ट होत गेली. चार वाजल्याचं प्रत्येकाला कळलं. दामिनीला पाण्याचा आवाज ऐकू येऊ लागला, लांबून, एकसारखा. आपल्याच कानातलं रक्त, तिने ठरवलं. मग नदीच्या वळणावर एक चंदेरी पट्टी उमटली, रुंद होत गेली, आणि तिच्यात काठावरच्या बाभळी उलट्या हलू लागल्या. मामा उठून उभे राहिले. मामींनी पदर खोचला.

“ते पाणी नाही. तापलेल्या हवेत प्रकाश वाकतो,” दामिनी म्हणाली. बोलणं बिनचूक होतं. फक्त ते बोलताना तिने वाळूत पसरलेले पाय पोटाशी ओढून घेतले होते.

पट्टी जवळ आली नाही आणि गेलीही नाही. दोन उन्हाळ्यांपूर्वी निघालेलं पाणी अजून वाट विचारत तिथे थांबलं आहे, असा एक विचार तिच्या मनात आला. त्याला काहीही आधार नव्हता. तिने तो खोडला नाही. तिघंही त्या थरथरत्या उजेडाकडे बघत राहिली, आणि ऊन कलल्यावर तो कधी नाहीसा झाला हे एकालाही सांगता आलं नसतं.

महादेवराव वळणापर्यंत चालत जाऊन आले. “वाळूच हाय,” ते म्हणाले.

निघताना मामींनी कच्च्या टरबुजांची दोन पोती गाडीत टाकायला लावली. “भाजी होते याची. ऑफिसातबी वाट. म्हणा, मशीनची पयली तोडणी हाय.”

मामा गाडीच्या खिडकीशी आले. “उद्या मेसेज आला, त काय करू?”

“आधी तुम्ही दोघं काठावर चढा. मग मला फोन करा. टरबुजांना हात लावू नका.”

“अन् थो खरा असला त?”

“तर टरबुजं जातील.”

“चालते,” ते म्हणाले आणि गाडीच्या टपावर थाप मारून मागे सरले.

पुलावर आल्यावर तिने गाडी बाजूला घेतली, फोनमधली जुनी चौकट पुसून टाकली आणि खाली उतरून कठड्याशी उभी राहिली. पात्रात उरलेल्या वेलांच्या ओळी आधी हिरव्या, मग काळ्या दिसल्या, मग वाळूपासून वेगळ्या काढता येईनात. जोवर दिसत होतं तोवर खाली वाळू होती. पुढचं तिला दिसलं नाही, म्हणून त्याविषयी तिने काही ठरवलं नाही.