पूर्वेकडची पाकळी

सूर्याच्या प्रभामंडळाचं कॉम्प्युटर मॉडेल तिनं रक्त आटवून उभं केलं, आणि शोधनिबंध छापून आला तेव्हा त्यावर नाव एकट्या लॅबप्रमुख सरांचं! जाब विचारायला गेली तर म्हणाले, "अगं, कॉम्प्युटर चालवणाऱ्याचं नाव घालायचं तर उद्या वीजवाल्याचंही घालावं लागेल!" सगळी लॅब खिदळली. ते हसू तिच्या काळजात काट्यासारखं रुतून बसलं.

"जाऊ दे गं," नवरा म्हणाला. "देव बघतोय."

"तो बघतोयच. पण चारचौघांना कोण दाखवणार?"

संधी ग्रहणानं आणून दिली. खग्रास ग्रहणाआधी सूर्याभोवतीचं तेज कसं दिसेल याचं चित्र लॅब काढायची आणि भर सभागृहात, पाहुण्यांसमोर, ते पडद्यावरच्या खऱ्या सूर्याशेजारी लावायची. आता गंमत अशी, की सूर्याची पाठ आपल्याला दिसत नाही. मॉडेल ज्यावर चालतं त्या सूर्याच्या चुंबकीय नकाशात ती बाजू शिळीच राहते. मागून नवे डाग पूर्वेच्या कडेवर आले, की ते ती दरवेळी नकाशात हातानं भरायची, कारण तेज फाकतं ते अशा डागांवरूनच. सरांनी हे कधी विचारलंच नव्हतं.

ग्रहणाच्या आदल्या दिवशी कडेवर डागांचा भलाथोरला पुंजका उगवला. या वेळी सरांनी स्वतःच, शिळ्याच नकाशावर मॉडेल चालवलं. ती तोंडातून ब्र काढेना. डाग भरून तिनं आपलं वेगळं चित्र तेवढं काढलं आणि उघडउघड चहाच्या मशीनवर चिकटवलं. सगळे त्याच्यासमोर कप भरून गेले. सरसुद्धा.

ग्रहण लागलं. पडद्यावर सूर्य झाकला गेला आणि पूर्वेकडून तेजाची लांबलचक पाकळी फाकली. क्षणभर तिचे हात आपोआप जुळले. मग तिनं सरांच्या चित्राकडे पाहिलं. तिथे पूर्वेला नुसता काळोख.

पाहुण्यांत कुजबुज सुरू झाली. सरांनी घाम पुसत माईक ओढला. "खरं सांगायचं तर हे मॉडेल माझं नाहीच! सगळं काम या बाईंचं."

ती उठली. "ऐकलंत ना सगळ्यांनी? मग माझं चित्रही बघा. कालपासून चहाच्या मशीनवर आहे."

कुणीतरी धावत जाऊन ते आणलं. पाकळी जिथल्या तिथे!

"तू... मला सांगितलं का नाहीस?" सर पुटपुटले, पण माईक चालूच होता.

"वीजवाल्याला कोण विचारतं, सर?"

सभागृह खिदळलं. तिनं ते हसू पोटभर ऐकून घेतलं.