लाल ठिपक्याची फळी

मी एक जुनी सागवानी फळी आहे, आणि मला हेवा वाटतो. मित्रांनो, तुमच्या पुस्तकातल्या वस्तू नेहमी गोड बोलतात. माझ्याकडून ती अपेक्षा ठेवू नका.

माझं झाड ब्रह्मदेशातलं. ते कुणाला विचारून पाडलं, देव जाणे. जहाजातून मी ओमानमध्ये मत्रहच्या बंदरात उतरले आणि तिथून सहम गावच्या सुतारशाळेत आले. कुडाळचा रमण सुतार माझ्यावरून हात फिरवून म्हणायचा, "हिचा दार करतलंय. शंभर वर्सां हलूचा नाय." दार व्हायचं, एवढंच मी धरून बसले.

दोन हजार चौदा साली मस्कतच्या एका हॉटेलच्या दारांचं काम आलं. तेल जन्मभर पुरणार नाही, आता पाहुणे आणायचे, असं आमचे अर्बाब, म्हणजे मालक, म्हणत. पाहुणे परदेशी. म्हणून अट अशी, की जंगल राखून तोडलेलं, शिक्क्याचंच लाकूड हवं. आला तो लागवडीचा साग. कोवळा, फिकट, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला! त्याला पंख्याखालची जागा. आमच्या टोकांना मात्र वसईच्या युस्टेस फोरमननं लाल ठिपके मारले. लाल म्हणजे बिनशिक्क्याचं. दोन्ही लाकडं मिसळली, तर सगळ्या ढिगाचा शिक्का गेला.

खंडेनवमीला रमणनं हत्यारं पुजली, आणि नव्या सागालाही पुजायला घेतलं. प्लास्टिकला कुंकू कसं लावायचं? त्यानं शिक्क्याची वेष्टनं फाडली आणि टोकाटोकाला कुंकवाचं बोट लावलं. मला नाही लावलं. दुपारी इक्बाल हमालानं ते लाल ठिपके पाहिले आणि सगळा साग आणून आमच्यात रचला. आमच्यातही फिकट फळ्या होत्याच. कुंकू कुठलं, रंग कुठला, कोण कुठली, कळेना.

"रमण, लाल म्हणजे काय सांगितलं होतं मी?" युस्टेस ओरडला.

"कुंकू आसा ता, रंग न्हय!"

"ते तुझ्या देवाला कळेल रे बाबा. उद्या तपासणीवालीला कोण सांगणार?"

मी खूश झाले. खलास! आता सगळे सारखे. आता दार मीच.

दुसऱ्या दिवशी तपासणीला सफूराबाई आल्या. ढीग बघून म्हणाल्या, "नवा साग जिथून तोडला, तिथे लगेच रोप लावलंय." मग माझ्यावर हात ठेवला. "आणि हिच्या जागी?"

युस्टेसनं कागदांची फाइल चाळली. माझा कागद तिच्यात नव्हता.

"मग यातला एक तुकडाही हॉटेलला जाणार नाही," सफूराबाई म्हणाल्या.

तोवर मी नव्या सागाच्या शिक्क्यावर, पंख्यावर, कुंकवावर डूख धरून होते. आता खरा डंख बसला. त्या पोरट्याच्या जागी कुणीतरी खड्डा खणला होता, पाणी घातलं होतं.

शिक्क्याचा दुसरा माल आला. पुन्हा सरमिसळ नको म्हणून युस्टेसनं मला कापून दोन ढिगांच्या मध्ये जमिनीला ठोकलं. रमण म्हणाला, "दार नाय, तर उंबरो तरी झालंस." रोज तो साग मला ओलांडून दार व्हायला जातो.

मित्रांनो, लाकूड घ्याल तेव्हा दुकानदाराला विचारा, याच्या जागी काय लावलंस? चिडला तर चिडू दे. माझ्या वेळी कुणी विचारलं नाही. चुलीत गेले नाही, तरी रोज जळते आहे.