बोडक्या डोंगरावर दोघंच

शिवबाईनं माहेरी जायचं गाठोडं बांधलं आणि सिद्धप्पानं त्यातल्या वस्तू मोजल्या. आठ दिवसांसाठी जाणारी बाई दोन लुगडी नेते. शिवबाईनं लग्नातला तांब्या, पांघरायची वाकळ आणि चुलीजवळची फुंकणीसुद्धा बांधली होती. फुंकणी घेऊन जाणारी बाई परत येऊन चूल पेटवायच्या विचारात नसते, एवढं गिरणीत सूत गुंडाळणाऱ्यालाही कळतं.

तिच्याशी बोलावं म्हटलं तर बोलणार कुठं? सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या त्या दीड खोलीतली अर्धी जात्यानं अडवलेली होती आणि उरलेली सिद्धप्पाच्या आईनं, फुलाबाईनं. थोरांसमोर नवरा-बायकोनं एकमेकांशी बोलायचं नसतं, आणि फुलाबाई नाही असा घरात कोपरा नव्हता. लग्नाला वर्ष होत आलं तरी दोघांचं बोलणं 'पाणी' आणि 'घ्या' यापुढं सरकलं नव्हतं. बाकीचं शिवबाईच्या वतीनं भांडी बोलत. परात ती अशी आपटायची, की शेजारचे तेलुगू विणकर माग थांबवून ऐकत. पण परात का रागावलीय, हे कळायला मार्ग नव्हता.

त्यानं गिरणीतल्या रावजीला अडचण सांगितली. रावजी पूर्वी एका साहेबाचा आचारी म्हणून महाबळेश्वरला राहून आला होता, त्यामुळं संसारातलं त्याला सगळं कळे. स्वतःची बायको तेवढी त्याच्याकडं राहत नव्हती.

"साहेब आन मडमीचं बिनसलं की ती दोघं डोंगरावर जात्यात," रावजी म्हणाला.

"उडी टाकाय?"

"चादर टाकाय. कुणी न्हाय अशी जागा बघायची, चादर टाकायची, शेजारी बसून खायचं."

"खाऊन झाल्यावर?"

"दरी बघायची."

"दरीत काय असतंय?"

"काय न्हाय. पर दोघं मिळून बघत्यात. त्यानं प्रेम वाढतंय."

सोलापूरच्या आसपास डोंगर शोधणं म्हणजे टकलावर भांग शोधणं. पण दुधनीजवळ सिद्धप्पाच्या शेताला लागून बोडका डोंगर होता. बैलाला चढताना दम लागला, की त्या भागात डोंगरच म्हणतात. शिवाय येळवस तोंडावर आली होती. त्या अमावास्येला तिकडचं अख्खं गाव रानात जेवतं. उभ्या ज्वारीत कडब्याची खोप करायची, चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे आणि भज्जी, उंडे, आंबील असं पोटाला तडस लागेपर्यंत खायचं. सगळे शेतात, म्हणजे डोंगर रिकामा. शिवबाईचा भाऊ तात्याबा तिला न्यायला गाडी घेऊन तिथंच येणार होता. काय करायचं ते त्याच्या आत.

जेवण झाल्यावर शिवबाई हातावर पाणी घालत होती, तेव्हा सिद्धप्पानं कुजबुजून विचारलं, "येळवसला डोंगरावर येशील? दोघंच."

पाण्याची धार थांबली. "कुणी ऐकणार न्हाय?"

"कुणी न्हाय."

"येते," ती म्हणाली, आणि उरलेलं सगळं पाणी त्याच्या पायावर ओतून गेली. सिद्धप्पाला वाटलं, लाजली.

येळवसच्या दिवशी खोपीतली पूजा उरकल्यावर त्यानं आईला सांगितलं, की डोंगरावरच्या म्हसोबाला जोडीनं नैवेद्य दाखवायचा असतो.

"कुटला म्हसोबा?" फुलाबाईनं विचारलं.

"नवा हाय."

फुलाबाईनं मुलाकडं असं बघितलं, की म्हसोबा असता तर तोही उठून गेला असता. पण तात्याबासमोर तमाशा नको म्हणून ती गप्प बसली.

डोंगरावर एक बोराटी होती. तिची सावली तिलाच पुरत नव्हती. त्या सावलीत मायाप्पा धनगर बसला होता, आणि बाकीच्या डोंगरावर त्याची मेंढरं.

"मामा, जरा पलीकडं बसता का?" सिद्धप्पा म्हणाला.

"का?"

"आमाला दरी बघायची हाय."

मायाप्पानं चहूकडं नजर फिरवली. खाली ज्वारी, ज्वारीत गावातली सगळी माणसं आणि तात्याबाचे बैल होते. "हितं दरी न्हाय," तो म्हणाला. "आन डोंगर मेंढरांचा हाय. तुमी पलीकडं बसा."

सिद्धप्पानं त्याला दोन उंडे देऊ केले. मायाप्पानं ते घेतले, खाल्ले आणि तिथंच पाठ फिरवून बसला. "बोला. मी ऐकत न्हाय. मेंढरं ऐकत असली तर मला म्हाईत न्हाय."

सिद्धप्पानं चादरीच्या जागी घोंगडी पसरली. शिवबाई बसली, पदर खोचला, एकदा खाली बघून घेतलं आणि म्हणाली, "लग्नाच्या पंगतीत तुमी हसला का?"

हे प्रेमाचं बोलणं नव्हे, हे सिद्धप्पाच्या ध्यानात यायला वेळ लागला. मग पंगत आठवली. सासऱ्यांच्या धोतराचा सोगा कुणाच्या तरी पाटाखाली अडकला होता. सासरे निघाले, धोतर तिथंच राहिलं, आणि ते तुपाचं भांडं घेऊन पंगतीच्या टोकापर्यंत "सावकाश होऊ द्या" म्हणत गेले.

"मी हसलो न्हाय," सिद्धप्पा म्हणाला. "मिरची अडकली हुती."

"सगळी पंगत गप बसली. तुमी एकटं हसला. माज्या बापानं त्या दिसापास्नं धोतर सोडलं, इजार घालतोय. वरीस झालं, मी इचारायला जागा हुडकतीया. खरं सांगा, न्हायतर मी तात्याबासंगं जाते ती येत न्हाय."

खालून फुलाबाईची हाक आली. "आरं मायाप्पा, काय म्हनतीया ती?"

मायाप्पा न ऐकता बसला होता. तरी तो उठला आणि मेंढरं वळवायच्या आवाजात ओरडला, "ती म्हनती ह्यो हसला."

"आन ह्यो?"

"ह्यो म्हनतो मिरची."

शेतात आंबील ओरपायचा आवाज थांबला. शेजारच्या खोपीतले लोक बांधावर येऊन बसले. त्यांच्या मागे त्यांच्या शेजारचे आले, पत्रावळीसकट.

"कसली मिरची?" तात्याबाचा आवाज आला. "दाजी, त्या पंगतीत मिरचीच नव्हती. गोडाचं जेवण हुतं. मी वाढलंय."

"भाऊ म्हनतो मिरची नव्हती," मायाप्पानं वर बसलेल्यांना सांगितलं.

"ऐकू आलं," सिद्धप्पा म्हणाला.

शिवबाईनं घोंगडीची आपल्याकडची बाजू दुमडायला घेतली. फुंकणी बांधतानाही ती अशीच शांत होती. सिद्धप्पानं खाली बघितलं. आई होती, मेहुणा होता, भावकी होती, आणि सगळ्यांचे चेहरे वर, जणू ग्रहण लागलंय. इतक्या थोरांसमोर बायकोशी बोलणारा माणूस त्याच्या घराण्यात झाला नव्हता. निम्मी घोंगडी दुमडून झाली होती.

तो उभा राहिला.

"हसलो," तो ओरडला. "व्हय, शिवे, हसलो. मिरची न्हाय, बिरची न्हाय. माज्या बापाचं सुटलं असतं तरी हसलो असतो. आन आजून आठवलं तर हसू येतंय, त्याला मी काय करू?"

मायाप्पानं खाली कळवायला तोंड उघडलं आणि मिटलं. कळवण्यासारखं काही शिल्लक नव्हतं.

फुलाबाईनं एवढंच म्हटलं, "नाव घिऊन बोलला."

"खोटं का सांगितलं?" शिवबाईनं विचारलं.

"तू जाशील म्हनून."

"खोट्यापायीच चालले हुते." तिनं घोंगडी पुन्हा उलगडली. तिचा आवाज जराही मऊ झाला नव्हता. "हे एक झालं."

"एक?"

"वरसाचं हाय. परातीचं आजून निघालंच न्हाय."

तात्याबानं खालून विचारलं, "आक्का, गाडी जुपू का? उन्हं कलली."

"तू जा," ती मायाप्पाकडं न बघता स्वतःच ओरडली. "माजं हितं काम ऱ्हायलंय. आन गाठोड्यातली फुंकणी काढून ठेव."

सोलापूरला परतल्यावर शिवबाईनं पहिल्याच सकाळी परात चुलीपुढं मांडली. आपटली नाही. फुलाबाई जात्याशी बसली होती, सिद्धप्पा गिरणीला निघाला होता.

"थांबा," शिवबाई सासूदेखत म्हणाली. "दुसरं."

फुलाबाईनं जातं थांबवलं. जात्याच्या घरघरीत नीट ऐकू येत नसे.